शेळीच्या दुधाचं दही लागत नाही, केफिर फाटतं: आधी दूध तपासा

दर पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की माझ्या ओळखीच्या पाच-सहा घरांत अचानक शेळीचं दूध येऊ लागतं. भाव चढतो, सकाळी सहाला रांग लागते. त्या दुधाने प्लेटलेट वाढतात याला भक्कम पुरावा नाही, पण तो वाद इथे नको. आजारी माणूस बरा होतो, रतीब मात्र चालू राहतो. मग उरलेल्या दुधाचं कोणीतरी दही लावतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या फोनवर एक फोटो येतो. वाटीत पांढरं पाणी, खाली प्रश्न: "ताई, विरजण खराब आहे का?"

बहुतेक वेळा विरजण बिचारं चांगलं असतं. सासऱ्यांचं बालपण माणदेशात शेळ्यांमागे गेलं. त्यांना गाईच्या दह्याची चवच लागत नाही, त्यामुळे गेली आठ वर्षं आमच्याकडे शेळीच्या दुधाचं दही लागतं आणि चार वर्षांपासून केफिरही. केफिर म्हणजे जंतू आणि यीस्टच्या पांढरट दाण्यांनी आंबवलेलं पातळ दूध; दाणे गाळून पुन्हा वापरायचे. या काळात माझंही दही अनेकदा बिघडलं आणि इतरांचंही दुरुस्त करून झालं. बिघाड बहुधा आपल्या पातेल्यात नसतो. शेळीच्या कासेपासून आपल्या दारापर्यंतच्या वाटेत तो कुठेतरी झालेला असतो. तो नेमका कुठे झाला ते शोधायची ही पद्धत. आधी फुकटात होतील अशा तपासण्या, मग थोड्या खर्चाच्या, आणि सगळ्यात शेवटी दूधवाला बदलणं.

लक्षणं आधी नीट बघा

"बिघडलं" एवढंच सांगून भागत नाही. कसं बिघडलं ते बघा.

दही आंबट आहे, वासही चांगला आहे, पण चमच्याने उचललं की ओघळतं.
रात्रभर ठेवलं तरी दूध जसंच्या तसं, गोडच.
विरजायच्या आधीच, तापवताना दूध फाटलं.
दही लागलं, पण बोकडाजवळ उभं राहिल्यासारखा उग्र वास.
चव खारट.
दह्यात भोकं, बुडबुडे आणि घाण वास.
दह्यावर किंवा केफिरमध्ये पाणी सुटलंय, खाली चोथा, वर पिवळट निवळ.
केफिरचे दाणे वाढत नाहीत, बुळबुळीत झालेत.

यातलं पहिलं लक्षण हा मुळात बिघाडच नाही. भोकं आणि घाण वास असेल तर पुढचं काही तपासू नका, ते दही टाका आणि भांडी उकळत्या पाण्याने धुवा. दूध काढताना लेंडी, केस किंवा मळकं फडकं त्यात गेलेलं असतं आणि वायू करणारे जंतू दह्याच्या जंतूंच्या आधी माजलेले असतात. गुलाबी, नारिंगी किंवा हिरवट डाग दिसले तरी तेच करायचं. वरवरचं काढून खालचं खायचं नाही.

पहिली तपासणी फुकट: आपली अपेक्षा

गाई-म्हशीच्या कवडीदार दह्याची सवय असलेल्या माणसाला शेळीचं दही नेहमीच फसल्यासारखं वाटतं. दह्याला बांधून ठेवणारं प्रथिन म्हणजे केसीन. त्यातला अल्फा एस-१ नावाचा भाग शेळीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा साधारणपणे कमी असतो, आणि किती कमी हे त्या शेळीच्या वंशावर ठरतं. त्यामुळे जाळी विणली जाते ती सैल. दही मऊ, लिबलिबीत, अदमुऱ्यासारखं लागतं. सुरीने कापलं जाईल असं दही नुसत्या शेळीच्या दुधाचं सहसा होत नाही. केफिर तर ताकाइतकंच पातळ राहतं.

तेव्हा चव आंबट आहे, वास स्वच्छ आहे आणि फक्त पातळ आहे, तर तुमचं दूध चांगलं आहे. घट्ट हवं असेल तर तीन रस्ते. दूध पाऊण होईपर्यंत आटवा, किंवा लिटरला दोन मोठे चमचे दूध पावडर घाला, नाहीतर लागलेलं दही मलमलच्या फडक्यात दोन-तीन तास टांगा. मी तिसरा रस्ता धरते. श्रीखंडाइतका कोरडा चक्का नको, थोडा ओलसर असतानाच उतरवून घ्यायचा. पावडर गाईची की शेळीची हे मात्र बघून घ्या, का ते शेवटी येईल.

दुसरी तपासणी: दोन वाट्या

सगळं सोडलंत तरी चालेल, एवढं करा. दोन सारख्या वाट्या घ्या. एकीत अर्धी वाटी शेळीचं दूध, दुसरीत पिशवीतलं गाईचं अर्धी वाटी. दोन्ही दुधं सारखीच तापवलेली, सारखीच कोमट. एकाच भांड्यातलं विरजण, दोन्हींत तितकंच, पाव चमचा. दोन्ही वाट्या एकाच डब्यात झाकून ठेवा. दर दोन तासांनी डबा उघडून हलवत बसू नका.

सकाळी दोन्ही लागलेल्या असतील तर गोष्ट संपली, तुम्ही पहिल्या तपासणीतच होतात. दोन्ही नाही लागल्या तर दोष विरजणात किंवा उबेत आहे, दूधवाल्याशी भांडायला जाऊ नका. गाईची वाटी लागली आणि शेळीची गोडच राहिली, तर दोष दुधात आहे, आणि मग पुढचं सगळं तुमच्यासाठी.

ही चाचणी मी इतकी धरून बसते याला कारण आहे. पहिली दोन वर्षं मी दर वेळी विरजण बदलत बसले. शेजारणीचं आणलं, डेअरीचं आणलं, एकदा तर पुड्यातलं कल्चर मागवलं. तेव्हा एकदा जरी शेजारी गाईच्या दुधाची वाटी ठेवली असती, तरी दुसऱ्याच दिवशी कळलं असतं. केफिरलाही हेच लागू आहे: दाणे दोन भागांत वाटा, अर्धे गाईच्या दुधात, अर्धे शेळीच्या.

घरात कोणाला गाईच्या दुधाची ॲलर्जी असेल तर मात्र वाट्या-चमचे वेगळे ठेवा.

तिसरी: ऊब

दोन्ही वाट्या फसल्या असतील तर इथे थांबा. दह्याचे जंतू 40 ते 43 अंश सेल्सिअसला जोमात असतात. करंगळी बुडवून सात-आठ सेकंद सुखाने ठेवता येईल इतकं दूध गरम हवं. डिसेंबरात पुण्यात रात्री पारा दहा-बारापर्यंत उतरतो, आणि ओट्यावरची वाटी तासाभरात गार होते. तिला कणकेच्या डब्यात ठेवा, ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ठेवा किंवा जुन्या शालीत गुंडाळा. उन्हाळ्यात उलटं होतं. पाच तासांत दही लागतं, आपण उठतो दहा तासांनी, तोवर ते आंबून पाणी सोडतं. पाणी सुटण्याच्या तक्रारी एप्रिल-मेमध्येच जास्त येतात त्या म्हणूनच. विरजण कमी घाला आणि लागलं की लगेच फ्रीजमध्ये ठेवा.

केफिरला याच्या निम्मी ऊब पुरे, 20 ते 25 अंश. त्यामुळे जी जागा दह्याला चांगली ती केफिरला वाईट. मे महिन्यात मी बरणी माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात ठेवते, आणि चोवीस तासांऐवजी दहा-बारा तासांतच गाळून घेते.

आणि भांडं. कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात आंबट काहीही कळकतं हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. काच, चिनी माती, स्टील, सगळं चालतं. केफिरच्या दाण्यांना स्टीलची गाळणीसुद्धा लावू नये असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकून घ्या आणि गाळा.

चौथी: चमच्यात उकळणं

दूध आलं की सगळं पातेलं गॅसवर चढवायच्या आधी एक मोठा चमचा दूध छोट्या भांड्यात उकळून बघा. फाटलं, कण दिसले, तर ते विरजायचं नाही. कारणं तीन असू शकतात आणि तिन्हींचं उत्तर वेगळं आहे.

एक, दूध वाटेतच आंबायला लागलं होतं. सकाळी पाचला काढलेलं, न गार केलेलं दूध दहाला दारात आलं तर उन्हाळ्यात दुसरं काय होणार! अशा दुधाला वासही किंचित आंबूस असतो.

दोन, चीक. आमचे शेळीवाले मामा सासवडच्या पुढून येतात. एकदा सलग दोन दिवस दूध फाटलं. मी म्हटलं, "मामा, कालचं दूध गॅसवरच फाटलं हो." मामा म्हणाले, "ताई, दूध चांगलंच व्हतं. परवा काळी व्यायली नव्हं का." "मग तिचं पण यातच घातलंत?" "मग काय वतून देऊ?" त्यांच्या दृष्टीने चीक म्हणजे पौष्टिक, उलट त्यांनी मला जास्तीचंच दिलं होतं. व्यायल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत दुधात प्रथिनं इतकी असतात की तापवलं की घट्ट होतात, खरवस होतो तो याचमुळे. एका शेळीचा चीक चार शेळ्यांच्या दुधात मिसळला तरी सगळं दूध तापवताना गोळा होतं. व्यायलेल्या शेळीचं दूध पहिले पाच-सहा दिवस वगळायला सांगा. मी दहा दिवस सांगते. करडांनाही पोटभर मिळतं.

तीन, कासेचा आजार. त्याकडे पुढे येते.

पाचवी: तापवायची रीत

दूध फाटत नाही, लागतंही, पण पाण्यासारखं. अशा वेळी तुम्ही दूध कसं तापवता ते विचारते. उत्तर ठरलेलं: "एक उतू आलं की बंद." गाईच्या दुधाला ते खपून जातं. शेळीच्या दुधाला साधारण 85 अंशांवर वीस मिनिटं धरून ठेवावं लागतं. इतक्या उष्णतेत एरवी निवळीत राहणारी प्रथिनं उलगडतात, केसीनला चिकटतात आणि पाणी धरून ठेवतात. नुसतं उकळून उतरवलं तर हे काम अर्धवट राहतं.

पण जोरात खळखळ उकळतही ठेवू नका. शेळीचं दूध जास्त उष्णतेला गाईच्या दुधाइतकं टिकत नाही, बुडाला धरतं, बारीक कण होतात. पातेल्यात पाणी, त्यात दुधाचं भांडं, मंद आच, अधूनमधून ढवळणं. दोन-तीनशे रुपयांचा स्वयंपाकाचा थर्मामीटर घेतलात तर अंदाजपंचे करावं लागणार नाही. मी पाच वर्षं करंगळीवर भागवलं आणि मग घेतला. आधीच घ्यायला हवा होता.

केफिरसाठी मात्र एवढी तपश्चर्या नको. दूध एकदा उकळून थंड केलं की झालं. कच्चं दूध दाण्यांवर ओतायचा मोह होतो, तो टाळा.

सहावी: उग्र वास

या तपासणीत सगळ्यात जास्त रंगत आहे, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही. "शेळीच्या दुधाला वास असतोच" असं म्हणून लोक सोडून देतात. ताज्या, स्वच्छ काढलेल्या, लगेच गार केलेल्या दुधाला वास जवळजवळ नसतो. नव्या माणसाला न सांगता दिलं तर ओळखूही येत नाही.

वास येतो तो कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक या आम्लांचा. लॅटिनमध्ये शेळीला कॅप्रा म्हणतात, तिन्ही नावं तिथूनच आली. ही आम्लं स्निग्धांशात बांधलेली असतात तोवर नाकाला कळत नाहीत. दुधातच एक विकर (एन्झाइम) असतं, ते स्निग्धांश फोडतं आणि आम्लं मोकळी करतं. शेळीच्या दुधात हे विकर स्निग्धांशाच्या जास्त जवळ असतं, त्यामुळे दूध घुसळलं, हिंदकळलं किंवा कच्चंच फ्रीजमध्ये दोन दिवस राहिलं की वास चढत जातो.

आता मामांची मोटरसायकल डोळ्यांसमोर आणा. मागे अर्धी भरलेली किटली आणि पंचवीस किलोमीटरचा खड्ड्यांचा रस्ता. दारात येईपर्यंत दुधाला फेस आलेला असतो, म्हणजे ताक घुसळावं तसं ते घुसळलं गेलेलं असतं. यावर मी दोन गोष्टी केल्या. मामांना दोन लिटरची बरणी दिली, ती काठोकाठ भरून आणायला सांगितली, म्हणजे आत हिंदकळायला जागाच नाही. आणि दूध आलं की फ्रीजमध्ये न ठेवता तडक गॅसवर. तापवलं की ते विकर मरतं आणि वास होता तिथेच थांबतो. "संध्याकाळी तापवू" म्हणून कच्चं ठेवलंत की सकाळी वास नक्की.

एवढं करूनही वास असेल तर गोठा बघायला जा. खरंच जा, एक रविवार घालवा. बोकड दूध देणाऱ्या शेळ्यांमध्येच बांधलेला आहे का ते बघा. माजावर आलेला बोकड स्वतःच्याच दाढीवर आणि पुढच्या पायांवर मुततो, शिंगांच्या मागच्या ग्रंथींमधूनही त्याला वास सुटतो, आणि तो शेळ्यांना, त्यांच्या केसांना, धार काढणाऱ्याच्या हातांना लागतो. बोकड लांब बांधला की आठवड्यात फरक कळतो. दुसरं, चारा. कांदा काढणीच्या दिवसांत शेळ्या रानातली पात खातात, आणि दह्याला चक्क कांद्याचा वास येतो. तो दोष नव्हे, हंगाम आहे. धार काढायच्या आधी चार-पाच तास पात देऊ नका एवढं सांगितलं तरी बराच कमी होतो.

सातवी: शेळीवाल्याला विचारायचे प्रश्न

गाईची वाटी लागली, शेळीची गोडच राहिली, आणि दूध फाटतही नाही. अशा वेळी मी एकच प्रश्न आधी विचारते: गेल्या आठवड्यात कोणत्या शेळीला इंजेक्शन दिलं का, सडात औषध सोडलं का? कासेच्या आजारावर प्रतिजैविकं देतात. ती काही दिवस दुधात उतरतात, आणि विरजणाचे जंतू म्हणजे शेवटी जंतूच. औषधाला तो जंतू रोगाचा की दह्याचा हे कळत नाही. उकळून हे औषध जात नाही. थोडं असेल तर दही उशिरा लागतं, जास्त असेल तर लागतच नाही.

केफिरमध्ये याची खूण वेगळी दिसते. दाण्यांत जंतूंबरोबर यीस्टही असतात आणि यीस्टवर या औषधांचा परिणाम होत नाही. मग केफिर आंबट न होता नुसतं फसफसतं, त्याला पावाच्या आंबवणासारखा वास येतो. असं झालं तर दाणे लगेच गाईच्या चांगल्या दुधात हलवा, पाच-सहा दिवस रोज दूध बदला, ते केफिर पिऊ नका. दाणे चिवट असतात, बहुधा सावरतात.

औषधाच्या प्रत्येक बाटलीवर किंवा पुठ्ठ्यावर दूध किती दिवस वापरायचं नाही ते छापलेलं असतं. मामांना ते वाचता येत नव्हतं असं नाही, कोणी सांगितलंच नव्हतं. हा प्रश्न आरोपासारखा विचारला तर उत्तर "नाही ताई" असंच येतं. "काळीची तब्येत कशी आहे?" असं विचारलं की सगळं बाहेर पडतं.

दुसरा प्रश्न: शेळी व्यायली कधी, आणि आटायला आली का? आपल्याकडच्या शेळ्या साधारण तीन-चार महिने बऱ्यापैकी दूध देतात. आटत आलेल्या शेळीचं दूध दाट दिसतं, पण चवीला खारट लागू शकतं आणि त्याचं दही कमजोर होतं. खारटपणा एकाच शेळीचा असेल आणि ती आटत आली नसेल, तर कासेचा संशय घ्या. चव बघायची ती उकळलेल्या दुधाची.

आठवी: भेसळ

हे शेवटाकडे ठेवलंय ते मुद्दाम, कारण लोक इथूनच सुरुवात करतात. पाणी घातलेलं दूध लागतं, फक्त पातळ लागतं. दुधाची घनता मोजणारा लॅक्टोमीटर शे-दोनशे रुपयांना मिळतो, पण त्याच्यावर लिहिलेल्या तापमानालाच वाचायचा, नाहीतर तो काहीही सांगतो. दूध फाटू नये म्हणून घातलेला सोडा जास्त त्रासदायक. सोडा आंबटपणा मारत राहतो, मग दही लागणार कसं? औषधाच्या किंवा प्रयोगशाळेच्या दुकानातून पीएच पट्ट्या, म्हणजे आंबटपणा मोजायच्या कागदी पट्ट्या, आणा. आकडा जितका कमी तितकं आंबट. ताजं शेळीचं दूध 6.5 ते 6.8 च्या आसपास असतं. 7 च्या वर गेलं तर सोडा आहे किंवा कास सुजलेली आहे. कासेच्या आजारातही पीएच वर जातो, तेव्हा पट्टी बघून लगेच चोर ठरवू नका.

गाईचं दूध मिसळलंय का? शेळीचं दूध पांढरंशुभ्र असतं, कारण तिच्या शरीरात पिवळा रंग देणाऱ्या कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व होऊन जातं. साय पिवळसर आली तर गाय आठवा. म्हशीचं दूधही पांढरंच, त्यामुळे रंगावरून म्हैस सापडत नाही. पण शेळीच्या दुधावर साय पातळ आणि उशिरा येते. भाकरीसारखी जाड साय आली तर कोणीतरी म्हैस गाठली आहे.

नववी आणि महाग: दूध बदलणं

सगळं करून झालं, तरी जमत नाही. मग दुसरं दूध शोधा. पण काय शोधायचं ते कळायला हवं. उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी, कोंकण कन्याळ, या आपल्या शेळ्या. यातल्या बऱ्याच प्रामुख्याने मटणासाठी पाळल्या जातात आणि दूध आधी करडांचं असतं. एका शेळीमागे आपल्या वाट्याला जेमतेम अर्धा लिटर. त्यामुळे दोन लिटर रतीब म्हणजे चार-पाच शेळ्यांचं एकत्र दूध, आणि त्यातली एक बिघडली की सगळं बिघडलं. रोज अर्धाच लिटर लागत असेल तर एकाच निरोगी, व्यायला महिना झालेल्या शेळीचं दूध वेगळं काढून द्यायला सांगा. दोन पैसे जास्त द्या. माझा सगळ्यात मोठा फरक यानेच पडला. जमनापारी, बीटल किंवा सानेनचा संकर पाळणारा कोणी जवळ असेल तर दूध जास्त मिळतं, दही मात्र तेवढंच मऊ.

गोठा जवळ नसेल तर गोठवलेलं पाश्चराइज्ड दूध घरपोच मिळतं. दही आणि केफिर दोन्हींना चांगलं. रात्रभर फ्रीजमध्ये सुटू द्या, घाईने गरम पाण्यात बुडवू नका. खोक्यातलं दीर्घकाळ टिकणारं दूध 135 अंशांच्या वर नेलेलं असतं. त्याचं दही सैलच, केफिर ठीक. शेळीच्या दुधाची पावडर महाग पडते, पण पाकिटावरच्या मापापेक्षा दीड चमचा जास्त घेऊन कालवली तर दही आश्चर्य वाटावं इतकं बरं लागतं. प्रवासात सासऱ्यांसाठी मी तीच नेते.

केफिरच्या दाण्यांना दूध बदललं की रुसवा येतो. गाईच्या दुधातले दाणे शेळीच्या दुधात टाकले तर पहिल्या तीन-चार खेपा पातळ, विचित्र होतात, दाणे वाढत नाहीत. हे बिघाडाचं लक्षण समजून लोक दाणे टाकून देतात. एक वेळ निम्मं गाईचं, निम्मं शेळीचं, मग पाऊण, मग पूर्ण असं न्या. दाणे नळाच्या पाण्याने धुऊ नका, त्यातलं क्लोरीन त्यांना सोसत नाही. आणि एक चमचा दाणे कायम गाईच्या दुधात वेगळे ठेवा. केफिरची मूळ भूमी कॉकेशसचे डोंगर. तिथे ते चामड्याच्या पिशव्यांत शेळी, मेंढी, गाय असं हाती लागेल त्या दुधाचं होत असे. दाणे आपल्यापेक्षा जास्त जुळवून घेतात, फक्त वेळ द्यावा लागतो.

इथे थांबा, माणूस बोलवा

कासेची एक बाजू गरम, टणक, लाल आहे. पहिल्या चार धारा काळ्या ताटलीत काढल्यावर गुठळ्या, दोरे किंवा रक्त दिसतंय. अशा वेळी घरगुती लेप नकोत, पशुवैद्य. गावाकडे जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी 1962 हा क्रमांक आहे. त्या शेळीचं दूध बंद, आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस बंद.

कळपात एकापाठोपाठ शेळ्या गाभडतायत असं कानावर आलं तर त्या कळपाचं दूध त्याच दिवशी थांबवा. ब्रुसेलोसिस हा आजार शेळीच्या कच्च्या दुधातून माणसाला होतो. दही किंवा केफिर लावल्याने तो जंतू मरेल अशी खात्री धरता येत नाही, उकळल्याने मरतो. शेळ्यांच्या रक्त तपासणीचा निकाल येईपर्यंत ते दूध पुन्हा सुरू करायची घाई नको. आणि घरात कोणी कच्चं दूध प्यायलं असेल, त्याला चढता-उतरता ताप, रात्री घाम, सांधेदुखी असं असेल तर डॉक्टरांना शेळीच्या दुधाचं आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला "शेळीचं चालतं" म्हणून देऊ नका. दोन्ही दुधांतली प्रथिनं इतकी सारखी आहेत की बहुतेकांना तीच प्रतिक्रिया येते. ज्यांना दुधातली साखर पचत नाही त्यांनाही शेळीच्या दुधात फारशी सूट नाही, लॅक्टोज जवळपास तितकंच असतं. आंबवल्यावर थोडं कमी होतं इतकंच. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी साधं शेळीचं दूध देऊ नका. त्यात फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व फार कमी असतं आणि बाळाला रक्तक्षय होऊ शकतो. हे तिन्ही प्रश्न बालरोगतज्ज्ञांचे, माझे नाहीत.

पट्टी दोन-तीनदा 7 च्या वर गेली, शेळ्या ठणठणीत आहेत आणि दूधवाला टाळाटाळ करतोय, तर नमुना सीलबंद करण्याचे उद्योग स्वतः करू नका. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार द्या, नमुना त्यांचे अधिकारी घेतात.

आणि जे दूध या शेवटच्या भागात बसलं, त्याचं पनीर करू नका, मांजरालाही घालू नका. मोरीत ओता, वर दोन तांबे पाणी.